मला कर लावा

चैत्र लागला की गल्लीतल्या बायका कुरडया-पापडांच्या मागे लागत, आणि आमच्या घरात इन्कमट्याक्सचा हंगाम सुरू होई. वाळवण घालायला गच्चीवर जावं तर जिन्याच्या पायरीपर्यंत माणसं बसलेली. अडते, किराणावाले, कापडवाले, हातमागवाले. प्रत्येकाच्या काखेत लाल वही आणि चेहऱ्यावर सुतक. मधोमध आमचे हे, पुढ्यात उतरतं मेज घेऊन. चहा मात्र मी करायचा. सरकारला कर देताना ज्यांचा जीव जाई, त्यांना माझ्या चहात साखर कमी पडलेली चालत नसे.

यांचं नाव गुरुलिंग माळगे. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही अशी सासूबाईंची शिकवण होती. लिहायचं नाही असं काही त्या बोलल्या नव्हत्या. बाळीवेशीतल्या एका अडतीवर हे दिवाणजी होते. इंग्रजी सहा इयत्ता झालेल्या. मालकाला इन्कमट्याक्सची पहिली नोटीस आली ती इंग्रजीत, आणि पेढीवर ती वाचणारे हे एकटेच निघाले. वाचली, उत्तर लिहिलं, साहेबापुढे जाऊन वह्या समजावून दिल्या. मग शेजारच्या अडत्यानं बोलावलं, मग त्याच्या व्याह्यानं. दोन-तीन वर्षांत दिवाणजीपण सुटलं आणि हे सोलापुरात 'ट्याक्सवाले अण्णा' झाले. मोबदला कुणी रोख देई, कुणी ज्वारीचं पोतं, कुणी शेंगांची चटणी. एका वर्षी तर आमच्या घरात चटणी एवढी झाली की मी ती शेजारणींना बळंच वाटली.

लोकांचे प्रश्न ऐकून मला हसू आवरायचं नाही. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही हे एकदा बाजारात कळलं, आणि मग प्रत्येकाचं सगळं शेतीचंच झालं. त्या दिवसांत सोलापुरात कागदावर जेवढं पिकलं तेवढं रानात पिकलं असतं, तर दुष्काळ हा शब्द आम्ही विसरलो असतो. एका मागवाल्यानं नोटिशीचा कागद जाड आहे म्हणून तो वहीला पुठ्ठा म्हणून चिकटवला होता. मुदत गेल्यावर वही उलटी धरून दाखवायला आला. दुसरे एक गृहस्थ पोराच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा गावभर सांगत की आपली मिळकत हजारांच्या घरात. नोटीस आल्यावर तेच आमच्या ओसरीवर शपथेवर सांगू लागले की घरात चूल कशीबशी पेटते.

एका किराणावाल्यानं तर यांना अगदी कोंडीतच पकडलं. वर्षाचा सगळा नफा मुलीच्या लग्नात गेला, उरलं काहीच नाही, मग कर कशावर, असं त्याचं म्हणणं. यांनी शांतपणे समजावलं की लग्न हा खर्च खरा, पण तो धंद्याचा नाही. त्यावर तो म्हणाला, मग मी धंदा करतो कशासाठी? याला इन्कमट्याक्सच्या कायद्यात उत्तर नव्हतं. हे नुसते चष्मा पुसत बसले.

पण हे चिडत नसत. खोटं एक अक्षर लिहीत नसत आणि खरं एक अक्षर सोडत नसत. अशील कितीही मोठा असो, कागद हातात घेतला की यांचे तेच ठरलेले प्रश्न. नाव काय, धंदा काय, वही कुणी लिहिली. आणि शेवटी, धंदा कुणाचा? तुझ्या एकट्याचा, की एकत्र कुटुंबाचा? कारण एकत्र कुटुंबाची आकारणी वेगळी होई आणि एकट्याची वेगळी. या प्रश्नावर लोक फार वैतागत. धंदा कुणाचा म्हणजे काय, घरचा, असं म्हणत आणि पुढं लिहा म्हणून घाई करत. हे म्हणत, नाही, आधी सांगा, मग लिहितो.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याला दोन उन्हाळे झाले होते तेव्हाची ही गोष्ट. बाजारात मंदी होती, आणि त्यात सरकारनं कराची मर्यादा दोन हजारांवरून एक हजारावर आणून ठेवली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ज्यांनी जन्मात कधी इन्कमट्याक्सचं नाव ऐकलं नव्हतं अशा लहानसहान दुकानदारांनाही नोटिसा आल्या आणि आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

अशा गर्दीत एक दिवस गुंडा नावाचा धनगर आला. उंचापुरा गडी, फेट्याच्या घडीत नोटीस खोचलेली. त्याच्या मागून त्याची भावजय बनाबाई. हा पुढं जाऊन चटईवर बसला, ती माझ्याजवळ उंबऱ्यापाशी टेकली. वयानं चाळिशीची, कपाळ मोकळं, हात लोकर हाताळून चरबट झालेले. मंगळवार पेठेत घोंगड्यांचं एक दुकान होतं, त्याची ती नोटीस होती. हे प्रश्न विचारत गेले, गुंडा उत्तरं देत गेला. शेवटी ठरल्याप्रमाणे यांनी विचारलं, दुकान कुणाचं?

गुंडा म्हणाला, "आमचं की. एकाच चुलीवरचं हाय सगळं. कारभारी म्या हाय, माजं नाव लिवा."

हे टाक दौतीत बुडवून लिहायला वाकले. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

"दुकान माजं हाय."

ओसरीवरची माणसं वळून बघायला लागली. गुंडा हसला आणि म्हणाला, बाईमाणूस काहीबाही बोलतं, तुम्ही लिहा. यांनी टाक खाली ठेवला. दोघांची उत्तरं दोन आली, आता चौकशी केल्याशिवाय लिहीत नाही, असं स्पष्ट सांगितलं. गुंडाचा चेहरा उतरला. दोन दिवसांनी येतो, तोवर कागद तयार ठेवा, असं म्हणून तो उठून गेला. बनाबाई गेली नाही. गर्दी पांगेपर्यंत ती माझ्याबरोबर शेंगा सोलत बसली, आणि मग तिनं सगळं सांगितलं.

तिचं माहेर सांगोल्याकडचं. बापानं लग्नात आंदण म्हणून तिला मेंढ्या दिल्या. नवरा सिदू तापात गेला, तेव्हा पदरी मूल नव्हतं. रडत बसायला वेळ नव्हता, असं ती म्हणाली. आपल्या मेंढ्यांची लोकर तिनं वेगळी ठेवली, ती सणगरांना देऊन घोंगडी विणून घेतली, डोक्यावरून गावोगाव विकली आणि त्या पैशातून पेठेत जागा घेतली. जागेची घरपट्टी लिहून घ्यायला आलेल्या शिपायानं पुरुषाचं नाव मागितलं, म्हणून गुंडाचं नाव लागलं. गुंडा दुकानात कधी बसला नाही. तो बारा महिने कळपामागं. मेंढ्यांचं त्याला देवानं दिलेलं ज्ञान आहे, असं ती स्वतःच म्हणाली. खोटं कशाला बोलू, म्हणाली.

पण आता त्यानं दुकान विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक होतं चन्नवीर. हा अडत्या, पेठेतला पैसेवाला माणूस, आणि आमच्या यांचा सगळ्यांत मोठा अशील. त्याला ती मोक्याची जागा हवी होती. व्यवहार ठरला, पण चन्नवीर कच्च्या गुरूचा चेला नव्हता. इन्कमट्याक्सचा हुकूम गुंडाच्या नावानं आला की सरकारनंच दुकान त्याचं मानलं, मग पैसे देतो, असं त्यानं सांगून ठेवलं होतं.

"अण्णा," बनाबाई म्हणाली, "सरकारचा कागद त्येच्या नावानं आला की मी रस्त्यावर. तवा मला कर लावा. काय असंल त्यो माज्या नावावर लावा."

हे तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत ओसरीवर आलेला प्रत्येक माणूस कर कमी करा म्हणत आला होता. लावा म्हणणारी ही पहिली. यांनी तिला समजावलं की इन्कमट्याक्सचा कागद म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. पण बाजारात तो निकालासारखाच चालतो, हेही कबूल केलं. तिनं आपल्या नावानं वेगळा कागद भरावा आणि गुंडाच्या नावच्या नोटिशीला हरकत घ्यावी, हा एक मार्ग होता. मात्र भांडवल तिचं स्वतःचं होतं हे दाखवावं लागणार. आंदणाच्या मेंढ्यांचा काही लेखी पुरावा आहे का?

तिनं स्वतःच्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून दाखवली. म्हणाली, "हितं चीर हाय. माज्या बापाची खून हाय ती. मेंढीला चीर, तर तिच्या कोकराला बी चीर. कळप कुनी बी राखू दे, कान बदलत न्हाय."

धनगरांची ही रीत मला ठाऊक नव्हती. प्रत्येक घराण्याची कानाची खूण वेगळी. गुंडाच्या घराण्याची उजव्या कानाच्या कडेला चंद्रकोर, बनाबाईच्या बापाची डाव्या कानाच्या टोकाला चीर. सासरच्या कळपात मिसळल्या तरी आंदणाच्या मेंढ्यांची वीण आईच्या खुणेनंच चालते, आणि कळपात कुणाचं काय हे कान बघून कळतं. हे ऐकताना यांचे डोळे चमकले. यांनी कोरा कागद पुढं ओढला आणि तिच्या मेंढ्या वीण धरून आज किती, ते विचारून लिहून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी चन्नवीर आला. बोलणं अगदी लोण्यासारखं. बाईच्या नादाला कशाला लागता अण्णा, घरातलं भांडण घरात राहू द्या, तुम्ही आपला गुंडाच्या नावानं कागद भरून टाका, असं म्हणाला. यांनी नाही म्हटलं. मी ज्याचं लिहितो त्याचं खरं लिहितो, तुमचंही तसंच लिहीत आलोय, एवढंच बोलले. चन्नवीरनं चहा अर्धा ठेवला, आपल्या तिन्ही वह्या उचलल्या आणि सोलापुरात लिहिणारे काही तुम्ही एकटे नाही असं म्हणून ओसरी उतरला.

मला भयंकर राग आला. चन्नवीरच्या पैशांतून आमचं वर्षाचं घरभाडं निघे, आणि बनाबाईकडून फार तर एक घोंगडी मिळाली असती, तीही ऐन वैशाखात. मी यांना तसं तोंडावर सांगितलं. हे कानडीत म्हणाले, होगलि बिडु, म्हणजे जाऊ दे. मी काही जाऊ दिलं नाही. संध्याकाळपर्यंत भांडी आपटली आणि जेवायला वाढताना एक शब्द बोलले नाही.

सकाळी बनाबाई अंगठा द्यायला आली. हे कागद आखत होते तोवर ती माझ्याशी बोलत बसली. बोलता बोलता तिनं अगदी सहज विचारलं, "वैनी, तुमच्या नावावर काय हाय?"

मी मनातल्या मनात मोजायला लागले. घर भाड्याचं, तेही यांच्या नावावर. भांड्यांवर सासऱ्यांचं नाव कोरलेलं. माहेरचे दागिने सासूबाईंच्या पेटीत. मराठी सातवी पास झालेली मी, पण माझं नाव लिहिलेला म्हणावा असा एक कागद होता तो शाळेचा दाखला, आणि त्यावरही आडनाव बापाचं. मला वाईट वाटलं, आणि मग माझा राग चन्नवीरकडं वळला. बनाबाईनं अंगठा उमटवला तेव्हा तिचं बोट पुसायला मीच चिंधी दिली, आणि साहेबापुढं जायच्या दिवशी मी संगं येते म्हणून सांगून टाकलं. यांनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा कागद आखायला घेतला.

साहेबाच्या ऑफिसात बाई म्हणून आम्ही दोघीच. पट्टेवाला म्हणाला, बायकांनी बाहेर थांबा. बनाबाईनं त्याला सांगितलं की जिला कर लावायचा आहे ती मी आहे, आणि ती सरळ आत गेली. तिच्यामागून मी.

साहेब तरुण होते, सभ्य होते, पण घाईत. टेबलावर गठ्ठे पडलेले. गुंडानं आपलं म्हणणं बिनचूक मांडलं. कळप एक, चूल एक, भाऊ वारला तरी वाटणी झाली नाही. साहेब मान डोलावत होते. यांनी मेंढ्यांच्या खुणेचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, आंदणाचा कागद कुठं आहे?

"कागदावर आंदण देणारा धनगर मी तरी पाहिलेला नाही, साहेब," हे म्हणाले. "त्यांचा कागद मेंढीच्या कानावर असतो. कळप कुंभारीच्या शिवारात बसलाय. आपण स्वतः बघावा."

साहेब म्हणाले, एवढ्याशा करासाठी मेंढ्यांचे कान तपासत फिरायचं का? हे म्हणाले, कर एवढासा आहे, पण या बाईचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आणि तपासायचं नसेल तर तपासलं नाही असं हुकुमात लिहा, मी वर अपील करतो. आवाज चढवला नाही, पण खुर्चीवरून उठलेही नाहीत. पुढचा माणूस दारातून डोकावत होता, त्याच्याकडंही यांनी बघितलं नाही. इथं बसून मेंढ्यांचा निकाल देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात साहेबच हसले आणि त्यांनी डायरी उघडली. परवा सकाळी येतो, म्हणाले.

साहेबांनी हा दिवस गुंडासमोरच सांगितला, तिथं यांचं तोंड कडू झालं. परत येताना टांग्यात यांनी बनाबाईला त्याचं कारण सांगितलं. मधल्या दिवसात गुंडा कळप दुसरीकडं हाकलून नेईल, ही यांना भीती. बनाबाई म्हणाली, तसं होणार नाही. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढ्या रानात बसवून घेतल्या होत्या, त्याबद्दल ज्वारी आगाऊ मोजून दिली होती. ठरलेल्या दिवसाआधी कळप उठवला तर गुंडाला धनगरांत तोंड दाखवता येणार नाही. तो काहीही करील, पण तसलं करणार नाही.

परवा सकाळी आम्ही कुंभारीच्या रानात पोचलो. नांगरलेल्या ढेकळांत जाळीचं कुंपण, आणि आत काळ्याकरड्या मेंढ्या एकमेकींना खेटून उभ्या. कळप जागच्या जागी होता. यांना एकदम हायसं वाटलेलं मला दिसलं. गुंडानं साहेबांना रामराम घातला, बसायला घोंगडी अंथरली. चन्नवीरही आला होता, बांधावर छत्री उघडून उभा.

कळपात काही मेंढ्यांचे कान पिवळे दिसत होते. मला वाटलं, बिरोबाचा काही नवस असेल.

हे म्हणाले, डाव्या कानाला चीर असलेली एक मेंढी धरून दाखव. गुंडा म्हणाला, तसली एकही नाही, सगळ्यांच्या उजव्या कानाला आमची कोर आहे, बघून घ्या. साहेब जाळीशी वाकले. जी मेंढी जवळ आली तिच्या उजव्या कानाला कोर होतीच. दुसरीच्याही, तिसरीच्याही. बनाबाई जाळी उचलून आत शिरली. एका मेंढीजवळ बसली, तिचा डावा कान हातात घेतला आणि तशीच राहिली. कानाचं टोकच नव्हतं. चीर ज्या टोकाला होती ते टोक कापून टाकलेलं. दुसरीचंही तसंच.

साहेब म्हणाले, बाई, खूण कुठं आहे? बनाबाईनं तिसरीचा कान धरला, तोही तसाच. आता संपलं, असं मला वाटलं. बांधावर चन्नवीरनं छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

हे मात्र चष्मा वर सारून कळप न्याहाळत होते. ओसरीवर विचारत तसंच, अगदी साध्या आवाजात यांनी गुंडाला विचारलं, हळद सगळ्यांना का लावली नाही रे?

गुंडा म्हणाला, भंडारा आहे, देवाचा.

"भंडारा कपाळाला लावत्यात," बनाबाई आतून म्हणाली. ती उभी राहिली. तिच्या बोटांना हळदीचं तेल लागलं होतं, ती बोटं तिनं गुंडापुढं धरली. "ह्यो तेलात कालवलाय. जखमंवर लावत्यात तसा. आन् निस्त्या माज्याच मेंढरास्नी लावलाय. कान कापलंस, गुंडा. कापायचंच हुतं, तर वर हळद कशापायी लावलीस?"

खोटं बोलायला गुंडाला अजूनही वाव होता. साहेबांना मेंढ्यांतलं काही कळत नव्हतं, बाईचा शब्द एका बाजूला आणि त्याचा दुसऱ्या. पण एक मेंढी कान झटकत त्याच्याकडं आली, कानावर माशी बसली होती, आणि त्याचा हात आपोआप ती हाकलायला गेला.

"माश्या बसत्यात," तो म्हणाला. "ह्या दिसांत किडं पडत्यात. मुकं जनावर हाय, त्येनं काय केलंय?"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. चीर पुसायला त्यानं डाव्या कानांची टोकं छाटली, उजव्यांना नवी कोर पाडली, आणि कापलेल्या कानांना औषध लावून बनाबाईच्या मेंढ्या लांबून ओळखू येतील अशा पिवळ्या करून ठेवल्या. दुसरं कुणी असतं तर तसंच सोडून दिलं असतं, दोन दिवसांचा तर प्रश्न होता. पण जखमी जनावर औषधाशिवाय ठेवणं हे त्या माणसाला जमलंच नाही.

यांनी साहेबांना विनंती केली की पिवळ्या कानांच्या मेंढ्या मोजून जबाबात लिहाव्यात. साहेबांनी स्वतः मोजल्या. आंदणाच्या मेंढ्यांची वीण बनाबाईनं जेवढी सांगितली होती, तेवढ्याच भरल्या. लेखी हुकूम पुढं आठवडाभरानं आला तो बनाबाईच्या नावानं, पण निकाल त्या रानातच लागला. चन्नवीर छत्री मिटून केव्हा गेला ते कळलंही नाही. तो आमच्याकडं पुन्हा कधी आला नाही, आणि त्या वर्षीचं भाडं आम्ही कसं भरलं ते आमचं आम्हाला ठाऊक. मला त्याचं दुःख झालं नाही.

पण मला आठवतं ते निकालानंतरचं. साहेबांनी कागद मिटले आणि बनाबाईला म्हणाले, मेंढ्या तुमच्या, दुकान तुमचं. कान कापल्याची तक्रार करायची असेल तर लिहून घेतो. आणि आपली जनावरं आजच वेगळी काढून न्या, या माणसाचा भरवसा धरू नका.

बनाबाई गुंडाकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग होता, अगदी उघड. बापाची खूण पुन्हा त्या कानांवर येणार नव्हती.

"दुकान माज्या नावावर लिवा, साहेब," ती म्हणाली. "कर माज्या नावावर लावा, म्या भरनार. ह्येनं माज्या बापाचं नाव कापलंय, त्ये मी मरंतवर इसरनार न्हाय. पर मेंढरं ह्येच्याकडंच ऱ्हाऊ द्या. कान कापनारं लई भेटत्याल. कापून वर हळद लावनारा दुसरा न्हाय."

फेट्याचं टोक तोंडावर धरून गुंडा, एवढा थोरला गडी, ढेकळांत खाली बसला आणि आम्हा सगळ्यांदेखत रडला.